शोभेचं झाड

१

माणसाचा आवाज ओळखणं हा माझा पोटाचा धंदा आहे. अंधेरीला पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत मी टेलिफोनच्या बोर्डावर बसते. कानाला हेडफोन, हातात वायरी आणि दिवसभर तोंडात एकच वाक्य, "होल्ड करा हं." पलीकडून नुसतं "हॅलो" आलं तरी मला कळतं, साहेबांची बायको आहे की साहेबांनी जिला 'मावसबहीण' म्हणून जोडून द्यायला सांगितलंय ती. चेहरे मात्र मी बेधडक विसरते. जिन्यात ओळख दिली नाही म्हणून माझ्या नावाने बोटं मोडणाऱ्या शेजारणी आमच्या वसाहतीत पुष्कळ आहेत. पण आवाज एकदा कानात गेला की तो तिथेच राहतो.

त्यामुळे कामावरून आले की मी घर आधी ऐकायची आणि मग बघायची. दिंडोशीची आमची वसाहत तेव्हा नवीकोरी होती. मागे टेकडी, पुढे गवत, आणि दुपारी मी परत यायचे तेव्हा रस्त्यावर चिटपाखरूही नसायचं. ऊन असं पडलेलं असायचं की आपण जागे आहोत की डुलकी लागलीय ते कळू नये. जिना चढताना पहिल्याच मजल्यावर शकूची टकळी ऐकू यायची. शकू माझी मुलगी, चार पूर्ण व्हायची होती. 'र'ला 'ल' म्हणायची आणि श्वास घ्यायलाही थांबायची नाही. तिच्यामागे सासूबाईंचं "गप ऱ्हव गो बाये" आणि त्याच्यावर कडी करणारी भागीची आरोळी. भागी म्हणजे आमची मांजर. इतकं सगळं ऐकलं की मला हुश्श वाटायचं.

नवऱ्याचं नाव जयवंत. आम्ही परळच्या एकाच चाळीत वाढलो, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते अजून खुपतं. संपात गिरणी गेली तेव्हा त्याने रडत बसण्यापेक्षा टेम्पो चालवायला घेतला. साकीनाक्याचा एक नर्सरीवाला शूटिंगच्या सेटवर आणि मोठ्या ऑफिसांत झाडं भाड्याने द्यायचा. ती झाडं न्यायची आणि परत आणायची, हे जयवंतचं काम.

एका संध्याकाळी तो कुंडी छातीशी धरून, धापा टाकत जिना चढून आला.

"कुंडीला तडा गेला म्हणून मालक फेकत होता. म्हटलं, फेकतोस कशाला? कसलं झकास आहे बघ. हिरोईन ह्याला धरून रडली काल."

"मग आता आम्ही पण ह्याला धरून रडायचं का?" मी विचारलं.

पण झाड खरंच देखणं होतं. उसाच्या कांड्यासारखा जाड दांडा, अळवाएवढी रुंद पानं आणि त्यांच्यावर पांढरे शिंतोडे, तांदळाचं पीठ सांडावं तसे. शेंड्याला नवं पान घट्ट सुरळी करून उभं होतं. सासूबाईंनी चष्मा लावून पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. गॅलरीत मोरीच्या सांडपाण्यावर त्यांनी स्वतः डब्यात अळू लावलेलं होतं, त्यामुळे पानातलं त्यांना कळतं असं आम्ही सगळेच मानायचो.

"ह्यां अळवाच्याच घरातलां," त्या म्हणाल्या. "शहरात ऱ्हवान गोरां झालां इतक्याच."

झाड बाहेरच्या खोलीत, गॅलरीच्या दाराशी ठेवलं. नव्या घराला शोभा आली.

२

सोनूबाई कोळीण आठवड्यातून दोनदा वरपर्यंत यायची. तिची "म्हावराऽऽ" ऐकली की भागी झोपेतून उठून दारात जायची आणि असा गळा काढायची की सोनूबाई पाटी उतरवायच्या आधी तिला एक बोंबील फेकायची.

त्या दिवशी मी घरी होते. सोनूबाई आली, भागी दारात गेली, मान वर केली, तोंड उघडलं. आवाज आला नाही. परत उघडलं. गुलाबी जीभ दिसली, दात दिसले, गळ्याची कातडी हलली, आणि काहीच नाही.

"काय गो, आज बोलं नाय तुमची बया?" सोनूबाई हसली आणि बोंबील पुढे केला. भागीने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. तिच्या हनुवटीखालची लव ओली होती.

"ऊन लागलं असेल," मी म्हटलं. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार असतं. कुंडीतल्या झाडाच्या शेंड्याखालच्या एका पानाचा अर्धचंद्रासारखा तुकडा गायब होता, ते मी झाडताना पाहिलं होतं. दारात घासलं असेल, एवढं म्हणून मी केर पुढे ढकलला.

भागी पुढे खाऊ-पिऊ लागली, पण मुकीच राहिली. मांजर कमी ओरडतं म्हणून कुणी रजा काढत नाही. आम्हीही विसरलो असतो.

मग एका दुपारी मी चटईवर आडवी झाले होते. शकू आणि सासूबाई आत निजलेल्या. भागी माझ्या पोटावर, तिचं ऊबदार ओझं मला जाणवत होतं. पंखा फिरत होता, बाहेर ऊन पांढरंफटक. सोनूबाईची हाक खालच्या रस्त्यावरून आली.

आणि खोलीच्या कोपऱ्यातून भागी ओरडली.

मी डोळे न उघडताच म्हटलं, "गप गं." मग पोटावरचं ओझं जाणवलं. डोळे उघडले. भागी तिथेच होती, कान टवकारून, कोपऱ्याकडे बघत. तोंड मिटलेलं. कोपऱ्यातून परत आवाज आला, शेवटी किंचित चिरकणारा, तिचाच. भागीच्या अंगावरचे सगळे केस उभे राहिले. ती नखं रोवून उठली आणि दरवाजाच्या फटीतून जी गेली ती पुन्हा आमच्या घरात आली नाही.

मी गॅलरी पाहिली, जिना पाहिला. दुसरं मांजर असणार. खालच्या मजल्यावरचं. आवाज भिंतींवर आपटून कुठून कुठे जातो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी पोटावरचे ओरखडे धुतले आणि चहा ठेवला.

३

श्रावणात सासूबाईंनी अळूवड्या केल्या. त्यांची पद्धत ठरलेली. गॅलरीत उकिडवं बसायचं, पान पालथं घालायचं, शिरा लाटून सपाट करायच्या, बेसन-चिंचेचं पीठ बोटांनी फासायचं, त्यावर दुसरं पान, मग घट्ट गुंडाळी. शकू बाजूला बसून सगळं बघायची आणि बोटं चाटायची.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले. पहिला मजला आला. दुसरा आला. वरून काही ऐकू आलं नाही.

मी पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही. दार उघडंच होतं. शकू सासूबाईंच्या मांडीवर बसलेली. ओठ सुजून उलटे झाले होते, लाळ फ्रॉकवरून खाली ओघळत होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. रडत होती. तोंड उघडून, मान मागे टाकून, सगळ्या अंगाने रडत होती, आणि खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

"अळू खाजला तिका," सासूबाई म्हणाल्या. सूर ठाम होता. "आमसूल चोखूक दिलंय. उतारतला आता. आमका ल्हानपणी किती येळा खाजला."

"केव्हापासून?"

"जेवणाच्या वक्तापासून."

गॅलरीच्या दाराशी शकूची भातुकली मांडलेली होती. पितळेचा पोळपाट, लाटणं, आणि पोळपाटावर एक सुरेख गुंडाळी. कुंडीतली माती कालवून फासलेली, घट्ट वळलेली, टोकं आत दुमडलेली, अगदी आजीसारखी. पण पान अळवाचं नव्हतं. हिरव्यावर पांढरे शिंतोडे होते, आणि एका टोकाला बारीक दातांच्या खुणा.

कोकणातल्या माणसाला अळू खाजतं याची भीती वाटत नाही. आमसूल असतं, चिंच असते, थोडा वेळ जातो, मग सगळे हसतात. म्हणून सासूबाई थांबल्या. मी असते तर मीही थांबले असते. मी शकूला उचललं आणि पायात चप्पल न घालता खाली धावले.

४

डॉक्टरांनी गुंडाळी उलगडून पाहिली. दवाखाना गर्दीने भरलेला होता, तरी त्यांनी आम्हाला आधी घेतलं.

"हे अळू नव्हे हो. अळू खाजतं, हे भाजतं. डम्ब केन म्हणतात ह्याला. चावलं की काचेच्या चुऱ्यासारखं जिभेत शिरतं, तोंड सुजतं, वाचा बसते. घसा जास्त सुजला तर श्वास अडतो. घरात मूल, मांजर, कुत्रं असताना हे ठेवतं का कुणी?"

"शोभेचं आहे म्हणून..."

"शोभेचंच असतं. आधी काय दिलंत?"

"आमसूल."

त्यांनी शकूचं तोंड ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. पुसता पुसता म्हणाले, "पुढे लक्षात ठेवा. तोंड ओल्या फडक्याने पुसून काढायचं, थंड पाणी, थंड दूध द्यायचं आणि पळत यायचं. घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही."

शकूला मोठ्या इस्पितळात ठेवलं. श्वास चालू राहिला. त्या दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि जयवंत बाकावर बसून स्वतःच्या हातांकडे बघायचा, ज्या हातांनी त्याने कुंडी वर आणली होती.

सूज उतरली. शकू दूध प्यायली, भात खाल्ला, हसलीसुद्धा. बोलली मात्र नाही. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. जीभ नीट, गळा नीट.

"घाबरलीय. दुखेल म्हणून बोलत नाही. आपसूक बोलेल, मागे लागू नका. तिच्याशी तुम्ही बोलत राहा. आणि ते झाड आधी काढा."

"रविवारी टेम्पोत टाकतो," जयवंत म्हणाला. तोपर्यंत त्याने कुंडी गॅलरीत सरकवली आणि दाराला वरची कडी घातली.

घर इतकं शांत झालं की मला माझ्या बांगड्यांची लाज वाटू लागली. शकू डोळ्यांनी आणि हातांनी सगळं मागायची. पाणी हवं की पदर ओढायची, भूक लागली की पदर ओढायची. मी तिला जवळ घेऊन गोष्टी सांगायचे आणि मधेच थांबायचे. पूर्वी तिथे ती "मग काय झालं?" म्हणायची. आता त्या जागेवर काहीच यायचं नाही. माझं लेकरू माझ्या मांडीवर होतं आणि मला त्याची आठवण येत होती.

५

रविवारच्या आदल्या दुपारची गोष्ट. शकू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. मी तिच्या केसांतून बोटं फिरवत होते. सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. ऊन गॅलरीच्या दाराच्या काचेतून येऊन जमिनीवर पडलं होतं आणि त्यात पानांच्या सावल्या हलत होत्या.

"आजी, पानी."

स्वयंपाकघरातून सासूबाईंनी लगेच उत्तर दिलं, "इलंय गो." भांडं वाजलं, माठाचं झाकण वाजलं, आणि पाण्याचा पेला घेऊन त्या दारात आल्या.

आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी शकूकडे पाहत होते. तिचा श्वास संथ चालला होता. ओठ मिटलेले, एका कोपऱ्यात लाळेचा सुकलेला थेंब.

"घली कधी यायचं?" आवाज म्हणाला. दाराच्या पलीकडून, काचेमुळे जरा दबलेला. 'र'ला 'ल'. शेवटी सूर वर न्यायची तिची लकब.

सासूबाईंच्या हातून पेला पडला. शकू दचकून उठली आणि पाण्याकडे बघू लागली.

"तुम्ही पण ऐकलंत?" मी विचारलं.

त्या तडक देवासमोर गेल्या, अंगारा आणला, शकूच्या कपाळाला लावला आणि बाकीचा दाराच्या फटीत कोंबला. "नलिनी, ता घरात नको. रवीवारची वाट कित्याक बघूची? आत्ता काढ."

मी मात्र विचार करत होते. बोर्डावर क्रॉस कनेक्शन रोज होतं. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या की मुलुंडचं बोलणं घाटकोपरला ऐकू येतं. कुणी भूत म्हणत नाही. आवाज कुठे नाहीसा होत नसतो, तो भलत्या ठिकाणी लागतो एवढंच. आणि भलत्या ठिकाणी लागलेला आवाज काढून नीट जागी लावणं, हे तर माझं रोजचं काम.

भिण्याऐवजी मला एकदम हलकं वाटलं. शकूचा आवाज गेलेला नव्हता. तो होता, दाराच्या पलीकडे.

६

रविवारी सकाळी जयवंतने कुंडी पोत्यात गुंडाळली, चेहऱ्यापासून लांब धरली आणि खाली नेली. मी शकूला कडेवर घेऊन खिडकीत उभी होते. त्याने टेम्पोचा मागचा फाळका खाली घेतला, कुंडी आत सारली. फाळका बंद केला.

"आई!"

खालच्या गेटवर पोरं खेळत होती, त्यांतलं कुणीतरी असेल असं मी स्वतःला सांगितलं.

"आई, मला कुठे नेताय? आई, मी इथे आहे ना!"

शकू माझ्या कडेवर होती. तिने माझ्या गळ्यात हात घातले होते आणि ती खाली बघत होती. तिचा चेहरा शांत होता. रडणारी ती नव्हती. रडणारी खाली होती.

टेम्पो सुरू झाला. मी शकूला जमिनीवर उतरवलं, उतरवलं म्हणजे जवळजवळ टाकलंच, आणि जिना उतरून धावले. गेटापाशी टेम्पोला आडवी गेले. जयवंतने करकचून ब्रेक मारला.

"मरायचंय का तुला? काय झालं? शकूला काय झालं?"

"कुंडी खाली काढ."

"काय?"

"ती रडतेय. तुला ऐकू येत नाही?"

तो इंजिन बंद करून उतरला. मान वाकडी करून त्याने ऐकलं, अगदी मनापासून ऐकलं. त्याचे कान गिरणीत गेलेत. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाला बारीक आवाज लागत नाहीत.

"नलू," तो हळूच म्हणाला, "पोरगी वर आहे आपली. वाचली. त्या झाडाने तिची वाट लावली असती यार, आणि तू ते परत आणतेस?"

"तिचा आवाज त्यात आहे. तू साकीनाक्याला नेलंस, उद्या ते कुठल्या ऑफिसात भाड्याने जाईल. मग मी कुठे शोधू? ती जन्मभर मुकी राहील, जयवंत. तुला चालेल?"

आजूबाजूच्या खिडक्यांत बायका उभ्या राहिल्या होत्या. जयवंतला चारचौघांत भांडण सोसवत नाही. शिवाय कुंडी पहिल्यांदा घरात कुणी आणली, हे त्याच्या मनात सलत होतंच. मी तिथे बोट ठेवलं नाही, पण त्याला ते दुखलं. त्याने फाळका उघडला.

मी पोतं बाजूला केलं. पानं थरथरत होती, इंजिनचा हादरा अजून त्यांच्यात असेल. मी कुंडी छातीशी धरून जिना चढले तेव्हा रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, आणि तिसऱ्या मजल्यावर थांबलं.

७

सासूबाई त्याच आठवड्यात कुर्ल्याला लेकीकडे गेल्या. "माझ्या नातीक घेवन जातंय," म्हणाल्या. मी नाही म्हटलं. आवाज इथे आणि मूल कुर्ल्याला, अशाने जोडणी कशी व्हायची? त्या शकूच्या तोंडावरून हात फिरवून, माझ्याकडे न बघता गेल्या. मी कामावर लांब रजा टाकली.

झाड मी परत आतल्या कोपऱ्यात आणलं आहे, गॅलरीत ऊन फार लागतं. डॉक्टरांचं बोलणं मी विसरलेली नाही. मी काही वेडी नाही. शकूने पानाला हात लावू नये म्हणून मी तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाटावर बसवते आणि तिथून हलायचं नाही असं बजावते. ती ऐकते. पहिल्यापासून गुणी आहे. आवाज घरी आला तर तो आधी तिच्या अंगात शिरायला हवा, म्हणून सुरुवातीला मी तिला जवळ घेऊन बसायचे. पण ती असली की झाड गप्प बसायचं. ती दूर गेली की बोलू लागायचं. मग दूरच बरं.

दुपारी मी ओल्या फडक्याने एकेक पान पुसते. हाताला खाज सुटते, कोपरापर्यंत चट्टे उठलेत, पण त्याचं काही वाटत नाही. पुसताना मी विचारते, "जेवलीस का गं?" आणि ती सांगते. आधी ती जुनंच बोलायची, आजी पानी, घली कधी यायचं. मधेच भागीचा आवाज यायचा, मग ती हसायची. आता ती नवीन बोलते. तिला स्वप्नं पडतात ती सांगते, मुळांशी किती गार वाटतं ते सांगते. परवा ती "घरी" म्हणाली. 'र' अगदी स्वच्छ. मी टाळ्या वाजवल्या. वाढतं मूल आहे, जीभ वळणारच. जयवंतला सांगितलं तर त्याने ताट बाजूला सारलं. "रविवारी मी कोयता आणणार आहे," म्हणाला. त्याआधी काय ते करायला हवं.

काल दुपारची गोष्ट. खिडक्या बंद होत्या, पंखासुद्धा मी बंद केला होता, तिचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. शेंड्याला नवी सुरळी आली आहे. मी तिच्याजवळ चेहरा नेला. तिचं टोक ओलं होतं.

"आई," ती म्हणाली.

मी पाहत होते. 'आ' म्हणताना सुरळी जराशी सुटली. आत कोवळं, गुलाबीसर काहीतरी दिसलं, आणि 'ई' म्हणताना ती मिटली. इतकंच पाहिलं. भीती वाटायला हवी होती बहुतेक. मला भरून आलं. इतक्या दिवसांनी माझं लेकरू मला तोंड उघडून हाक मारताना दिसलं होतं.

"बोल गं बाळा," मी म्हटलं.

तेवढ्यात माझा पदर मागून कुणीतरी ओढला. एकदा, मग परत. आणि मागून कुणीतरी, घोगऱ्या, फाटक्या, गंजलेल्या कडीसारख्या आवाजात, एकेक अक्षर ओढून काढत म्हणालं, "आ... ई..."

मी कान दिला. आवाज ओळखीचा नव्हता.

"थांब जरा," मान न वळवता मी म्हटलं आणि पदर सोडवून घेतला. "मधे बोलू नये. शकू बोलतेय ना."